मूर्तिजापूरचा जुबेर आणि त्याचं ‘सांगजो’

जुबेरचा बाप कुर्बान मूर्तिजापुरात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. लग्न असो, उरूस असो की गणपती, कुर्बानभाईचे भोंगे लागले की मगच कार्यक्रमाला रंग चढायचा. जुबेर त्या भोंग्यांच्या अन् वायरींच्या पसाऱ्यातच वाढला. माइक चालतो की नाही हे पाहायचं काम लहानपणीच त्याच्याकडं आलं. बाकीचे ‘हॅलो, हॅलो’ म्हणत. हा समोर जे दिसेल त्यावर यमक जुळवून मोकळा व्हायचा. जेवायला बसलेली पंगत खो खो हसायची. लोक हसतात याचं त्याला तेव्हा भारी कौतुक. पुढं याच हसण्यानं त्याला जेरीस आणलं.

कॉम्प्युटर शिकायला तो अमरावतीला आला. तिथं एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्यानं पहिल्यांदा रॅप ऐकलं. गाणं कमी, बोलणं जास्त. तालावर भांडण चालल्यासारखं. त्याच्या मनात आलं, अरे, चांदूर बाजारच्या बाजारात तर माणसं रोजच असं बोलतात. त्यानं लिहायला घेतलं, तेही घराबाहेरच्या आपल्या रोजच्या वऱ्हाडीत. २००९ साली अकोल्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो स्टेजवर चढला आणि कापूस विकायला थांबलेल्या माणसाचं गाणं म्हणाला:

रांगेत गेला दिस माहा, रांगेत गेली रात;
सायेब म्हने कापूस ओला, ओला माहा हात!

पोरांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. ते गाणं ब्लूटूथवरून या मोबाइलातून त्या मोबाइलात जात वर्षभरात पार शेंदूरजनाघाटपर्यंत पोचलं. जुबेरला ठिकठिकाणाहून बोलावणी येऊ लागली. पण बोलावणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, ‘‘दहा मिनिटं हसवून द्या फक्त.’’ वऱ्हाडी म्हटली की विनोद, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. निवेदक त्याचं नाव पुकारताना आधीच हसायचा.

२०१२ साली त्यानं कपाशीवर फवारणी करताना डोळे गेलेल्या एका मजुरावर गाणं लिहिलं. त्या माणसाला तो स्वतः भेटून आला होता. दोन महिने त्या ओळींवर बसला होता. अमरावतीच्या भरल्या सभागृहात त्यानं ‘माह्या डोयापुढं’ एवढे शब्द उच्चारले आणि पुढच्या रांगेत हशा पिकला. तो थांबला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. आता मागच्या रांगाही हसल्या. त्यानं माइक खाली ठेवला आणि पायऱ्या उतरून सरळ बसस्टँड गाठलं.

‘‘हॉल तो भरेला था,’’ घरी कुर्बान म्हणाला, ‘‘फिर तू बीच में कायकू उतरा?’’

‘‘अंधे आदमी पे हँस रहे थे, अब्बा.’’

‘‘उस पे नहीं हँसे रे,’’ आई खुर्शीदबी आतून म्हणाली. ‘‘तेरी जबान पे हँसे.’’

ती समजूत घालत होती. पण जुबेरला ते जास्तच लागलं. त्यानंतर तो स्टेजवर गेला नाही. मूर्तिजापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागला.

तिथं एक दिवस नत्थुजी आले. जवळच्याच खेड्यातले कास्तकार, कुर्बानचे जुने स्नेही. त्यांनी खिशातून मोबाइल काढून जुबेरपुढं धरला. ‘‘हे पाय, रोज काईतरी लिहून येते. मले वाचता येत नाई. गाडी भरून अकोल्याले गेलो की तिथं समजते, भाव पडला म्हून. तू शिकलेला हायेस ना? मंग गान्यात सांगत होता तसं सांगजो ना बावा मले, फोनवर!’’

जुबेरला हसू आलं, आणि दुसऱ्या क्षणी अंगावर काटा आला. या माणसानं ते गाणं विनोद म्हणून ऐकलं नव्हतं.

क्लासमध्ये प्राजक्ता नावाची मुलगी प्रोग्रॅमिंग शिकवायची. शेंदूरजनाघाटच्या संत्रा व्यापाऱ्याची लेक, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘जुबेरभाऊ, तुमी बोला. फोन जोडाचं काम माह्यावर सोडा.’’ कुर्बानच्या भोंग्यांच्या खोलीत एक टेबल टाकून २०१३ साली दोघांनी काम सुरू केलं. शेतकऱ्यानं मिस्ड कॉल द्यायचा. उलट फोन येणार आणि त्यात जुबेरच्या आवाजात कापसाचे, संत्र्याचे भाव, किडीची खबर, पावसाचा अंदाज ऐकू येणार. नाव ठेवलं ‘सांगजो’. वर्षभरात सतरा हजार नंबर जमले.

पुण्यात नव्या उद्योगांची स्पर्धा होती. प्राजक्तानं तिथं मोबाइल लावून ध्वनिमुद्रण ऐकवलं. परीक्षक खळखळून हसले. एक बाई म्हणाल्या, ‘‘किती गोड! पण खरं काम करायचं तर आवाज प्रोफेशनल घ्या.’’ येताना शेगावपर्यंत जुबेर तेच ध्वनिमुद्रण कानाला लावून हसण्याजोगं काय आहे ते शोधत होता.

मग २०१४ चा जून उजाडला. पावसाचा अंदाज ते एका खासगी संस्थेकडून घेत. त्या दिवशी तीन-चार दिवसांत चांगला पाऊस शक्य असल्याचा अंदाज आला. जुबेरनं तो नेहमीच्या झोकात वाचला आणि शेवटी म्हणाला, ‘‘मंडळी, आता बिनघोर पेरा!’’ लोकांनी पेरलं. एकोणीस दिवस आभाळातून थेंब पडला नाही. जमिनीतलं बी जमिनीतच भाजलं.

विसाव्या दिवशी नत्थुजी दारात उभे. चहा नको म्हणाले.

‘‘अंदाज चुकते, समजते मले. पन ‘बिनघोर’ कोन म्हनलं?’’

‘‘मी.’’

‘‘कागदावर होतं?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग काहून म्हनला?’’

खोटं बोलायला भरपूर जागा होती. जुबेरनं मान खाली घातली. ‘‘तालात बसत होतं, काका.’’

‘‘माह्या वावरात नाई बसलं,’’ असं म्हणून नत्थुजी निघून गेले.

ज्या आवाजाला सगळे हसत होते, त्याच आवाजावर विश्वास ठेवणारी माणसं त्याला मिळाली होती आणि त्यांचंच त्यानं नुकसान केलं होतं. त्यानं चूक कबूल करणारा संदेश रेकॉर्ड करून सगळ्या नंबरांवर पाठवला. काहींनी उलट फोन करून आईमाईवरून शिव्या दिल्या. त्यानं एकही फोन मध्येच तोडला नाही. प्राजक्तानं मार्ग काढला. अंदाज द्यायचा तो जसाच्या तसा, आणि सोबत आपल्या गावात पाऊस किती पडला, हे गावच्याच माणसानं फोनवर सांगायचं. हळूहळू माणसं परत जोडली गेली. नत्थुजींचा मिस्ड कॉल मात्र पुढचा हंगाम संपेपर्यंत आला नाही.

२०१६ मध्ये पुण्याची एक कंपनी ‘सांगजो’ विकत घ्यायला आली. त्यांना प्राजक्ताचा प्रोग्रॅम हवा होता आणि तोवर जमलेले तीस हजार नंबर. ‘‘भाऊ, अजून किती वर्सं भोंग्यांच्या खोलीत बसाचं?’’ प्राजक्तानं विचारलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जुबेरनं सही केली. कंपनीनं त्याला ‘प्रादेशिक सल्लागार’ असं भारदस्त नाव दिलं आणि त्याचा आवाज काढून टाकला. त्या जागी कोणी एक बाई ‘नमस्कार, शेतकरी बंधूंनो’ म्हणू लागली. वावराची ‘शेतजमीन’ झाली. गावच्या माणसानं पाऊस सांगायची सोय ‘माहिती प्रमाणित नाही’ म्हणून बंद झाली. ऐकणारे निम्म्यावर आले. बैठकीत जुबेर कळवळून बोलला की साहेब म्हणायचे, ‘‘होईल लोकांना सवय.’’

दीड वर्षानं त्यानं राजीनामा टाकला, तेव्हा कळलं की करारानुसार दोन वर्षं त्याला असलं कुठलंच काम करता येणार नाही. ती दोन वर्षं त्यानं बापाचे भोंगे खांबांवर चढवण्यात घालवली. कुठं त्याचंच जुनं गाणं वाजलं की तो उठून बाहेर जाऊन उभा राहायचा.

मुदत संपल्यावर त्यानं पुन्हा शून्यातून मांडलं, दुसऱ्या नावानं; आवाज त्याचाच आणि पाऊस सांगणारी माणसं गावचीच. प्राजक्ता पुण्यातच राहिली. रविवारी फोनवरून बिघाड तेवढे काढून देते. आज त्याच्याकडं सव्वीस गावं आहेत, सतरा हजार नाहीत की तीस हजार नाहीत, फक्त अकराशे नंबर. लाइट जाते, सर्व्हर बसतो, अनुदानाची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. तो चिडतो, अन् चिडलेलाच असतो बहुतेक वेळा.

गेल्या आषाढात चांदूर बाजारकडच्या मनकर्णाबाईंचा फोन आला. त्यांनी नाव-गाव सांगितलं आणि म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं आठ मिनिटं पानी आलं. पदर बी भिजला नाई. तसंच सांगजा लोकायले, वाढवून नोका सांगू.’’

‘‘नाई वाढवत, मावशी,’’ जुबेर म्हणाला आणि त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.