पुंडलिकभाऊंचा शब्द

पुंडलिकभाऊ गेल्याची बातमी मला मिलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. खाली शेठजींचा इंग्रजी मजकूर होता... आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ हरपला म्हणे! ज्या माणसाला एका दुपारी गेटाबाहेर काढलंत, तो तुमच्या कुटुंबाचा खांब? लाज कशी वाटत नाही यांना! त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले.

हिंगणघाटच्या आमच्या जिनिंग मिलमध्ये भाऊ सिलेक्टर होते. गाडीतला कापूस हातात घेऊन त्याचा दर्जा ठरवायचा, हे त्यांचं काम. शेतकरी असो की शेठ, आवाज एकच, "ओला हाय. नाई चालत." गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. मग परदेशी गिऱ्हाईक यायचं ठरलं आणि शेठजींनी आम्हाला शिष्टाचार शिकवायला मुंबईहून एक सर आणले. मे महिन्यात, हिंगणघाटात, कोट घालून! जपान्याचं कार्ड दोन्ही हातांनी घ्या, कोणाच्या बायकोची चौकशी करू नका, जर्मन माणसाशी रोखठोक बोला. ऐकून मागच्या खुर्चीवरून भाऊ म्हणाले, "मंग मले काऊन बसवलं इथं? मी तं रोजच तसा बोलतो." सगळे खो खो हसले. मला इंग्रजी येत होतं, म्हणून मी दुभाषा झालो, आणि मला एक प्रमाणपत्रही मिळालं. आजही ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

जर्मन पाहुणा आला. कापसाच्या गाठींसमोर उभं राहून त्यानं थेट भाऊंनाच विचारलं, या मालात प्लास्टिकचे धागे आहेत का? मी प्रश्न मराठीत सांगितला. भाऊ म्हणाले, "हायेत ना. पोत्यायचे धागे हायेत. हा लॉट पाठवू नका म्हणा, पुन्हा वेचाले लागते." शेठजी माझ्याकडे बघत होते. आणि मी... मी इंग्रजीत म्हणालो, ते म्हणतात, माल एकदम स्वच्छ आहे. पाहुण्यानं भाऊंचा हात धरून जोरात हलवला. आपलं खरं बोलणं कोणीतरी ऐकून घेतलं, असं वाटून भाऊ खूश झाले. पाहुण्याला नाही म्हणू नये, हे म्हणे आपले संस्कार. कसले डोंबलाचे संस्कार! शेपूट घालतो आपण, आणि त्याला असलं गोंडस नाव देतो.

माल जर्मनीत नाकारला गेला. तिकडून पत्र आलं, तुमच्या सिलेक्टरनं स्वतः तोंडावर हमी दिली होती. शेठजींनी भाऊंना काढलं. "मी तं सांगतलं होतं," एवढंच भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. घाण माल पास करणारा सिलेक्टर, असं नाव गावभर झालं आणि पुढे कोणत्याच जिनिंगनं त्यांना उभं केलं नाही. ज्यांनी हयातीत एक खराब बोंड पास केलं नाही, त्यांना!

तेरवीनंतर त्यांच्या घरी गेलो, आज सांगायचंच असं ठरवून. "बसा मोहनबाबू," म्हणत वहिनींनी चहा दिला. मी तोंड उघडणार, तोच त्याच म्हणाल्या, "मी ह्यायले म्हणो, त्या मोहनबाबूनंच काई उलटं सांगतलं असन. तं माह्यावरच चिडत. म्हणत, मोहन शिकलेला पोरगा हाय, त्यानं बरोबरच सांगतलं असन. त्या गोऱ्यालेच समजलं नसन."

मी चहा संपवला आणि उठलो.

आता हे सगळं इथे लिहितो आहे, पेपरात. वहिनींना वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे.