फिल्टरनं अडवलेलं पान

खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून फुटलेली डोकी तर किती पाहिली याची गणतीच नाही. पण तपासाची गोष्ट सांगा म्हटलं की मला हमखास आठवतो तो मोखाडा पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना आलेला एक साधा तक्रार अर्ज. ना प्रेत, ना हत्यार, ना चोरीचा माल. तरीही त्या अर्जापायी एका पोरीची नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागली होती.

सुरुवात निनावी फोननं झाली. खोडाळ्याच्या पुढं एका गावात एका संस्थेनं मोफत इंटरनेट केंद्र काढलं होतं. तिथं ‘घाण चित्रं दाखवतात’, असं कोणीतरी ठाणे अंमलदाराला कळवलं. निनावी फोनवर धावत सुटणारा मी माणूस नव्हे. त्यातले निम्मे फोन शेजाऱ्याचा काटा काढायला केलेले असतात. पण दुसऱ्या दिवशी गावातला एक ग्रामपंचायत सदस्य चार माणसं आणि लेखी अर्ज घेऊन स्वतः ठाण्यात हजर झाला.

केंद्र चालवणारी मुलगी त्याच गावची, पंचविशीची. संस्थेच्या मुंबईच्या कार्यालयानं तिला कळवलं होतं की तिच्या नावावरून ‘प्रौढ मजकूर’ उघडायचा वारंवार प्रयत्न झाला आणि फिल्टरनं तो अडवला. चौकशी होईपर्यंत केंद्राला कुलूप, आणि मुलगी घरी. गावाला तेवढं पुरलं.

“आमच्या बायका जातात तिथं, साहेब!” सदस्यानं टेबलावर हात आपटला. “असली बाय गावात नको. गुन्हा दाखल करा.”

“टेबल सरकारी आहे, जरा सबुरीनं,” मी म्हणालो. “गुन्हा आहे की नाही ते आधी मला बघू दे. आपल्यापुरतं काही बघणं वेगळं आणि लोकांना दाखवणं वेगळं.”

मुलगी आईला घेऊन आली. महिला हवालदारांना शेजारी बसवून मी जबाब घ्यायला सुरुवात केली.

“हे बघितलं कोणत्या फोनवरून?”

“फोन समद्यांचं हायत, साहेब. नंबर माजा हाय.”

मला काही उलगडेना. मग तिनं नीट सांगितलं. तिथलं वायफाय सुरू करायचं तर मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. गावात रेंज नाही, त्यामुळे तो कोणालाच मिळत नाही. हिचा फोन खिडकीच्या गजाला टांगून ठेवला की तेवढी रेंज पकडतो. म्हणून येईल त्याचा फोन ती आपल्याच नंबरावर जोडून द्यायची. शहरातला माणूस असं करणार नाही. पण त्या डोंगरात दुसऱ्याचं अडलेलं काम आपल्या नावावर करून देण्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. त्यामुळे गावानं जे जे बघितलं ते सगळं मुंबईला हिच्या नावावर दिसत होतं.

“मग ते प्रौढ मजकुराचं कोण बघत होतं?”

“माहीत हाय. पन मी नाय सांगनार.”

“अगं, नोकरी जाईल तुझी!”

“जाऊ द्या.” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. “मी शब्द दिलाय.”

आईनं कपाळावर हात मारला. मला मात्र त्या पोरीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू! गुन्हेगाराचं मौन मी चांगलं ओळखतो. तो गप्प बसला की त्याची नजर दाराकडे जाते. ही सरळ माझ्याकडे बघत होती. हिनं काही वाईट केलेलं नाही, एवढी माझी तेव्हाच खात्री पटली. पण पोलिसाची खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

मी संस्थेच्या तांत्रिक माणसाला फोन लावला. हा शिक्का मारला कोणी, म्हणून विचारलं.

“कोणी माणूस नाही मारत, सर. मशीन प्रत्येक संकेतस्थळाचा वर्ग ठरवतं. बातम्या, खेळ, खरेदी, प्रौढ. शब्द तपासतं, फोटोत उघडं अंग किती दिसतंय ते बघतं. एकदा ‘प्रौढ’ ठरलं की आपोआप बंद, आणि पडद्यावर ‘अश्लील मजकूर’ अशी लाल पाटी.”

“म्हणजे पंचांशिवाय पंचनामा,” मी म्हणालो. “मला त्या पानांचे पत्ते पाठवा.”

पत्ते आले. हवालदार बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही बाहेर थांबा. आधी मी बघते.” मी निमूट बाहेर जाऊन बसलो. जरा वेळानं त्यांनीच दार उघडलं.

“या सर, खुशाल या. दवाखाना आहे हा!”

खरंच दवाखाना होता. बाईनं आपल्या छातीत गाठ आहे का, हे हातानं कसं तपासावं, ते डॉक्टरांनी फोटो घालून समजावलं होतं. सगळी पानं त्याच विषयाची. फिल्टरला दिसलं होतं उघडं अंग, बस्स. माझं डोकंच तडकलं. गाठीच्या भीतीनं कोणी बाई तिथं आली, आणि समोर ‘अश्लील मजकूर’ अशी लाल पाटी! काय वाटलं असेल तिला?

मी ग्रामसभा बोलवायला लावली. सगळ्यांसमोर उभं राहून त्या पानांवर काय होतं ते स्वच्छ सांगितलं. “ही पानं कोणी बघितली ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही,” मी म्हणालो. “माझ्यापुरती चौकशी संपली.”

सदस्य कुठला ऐकतो! उठून म्हणाला, “दवाखाना असू दे नायतर काय पन असू दे. असली उघडी चित्रं बघनारी बाय कोन, तिचं नाव कळलंच पायजे.”

बायकांच्या घोळक्यातून एक बाई उठली. त्याचीच बायको. ती त्याच्याकडे बघूनच बोलली.

“मी व्हती. माजे छातीत गाठ आली हाय. तुमाला सांगाया लाज वाटली, म्हनून या पोरीला सांगितलं. तिनं शोधून दिलं तर ती लाल पाटी आली. मला वाटलं, माज्या हातून पाप झालं. तिला मीच शपथ घातली व्हती.”

सदस्य मटकन खाली बसला. त्याच दिवशी माझ्या जीपमधून दोघांना जव्हारच्या दवाखान्यात पाठवलं. हवालदार बाई सोबत गेल्या; डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, असं त्यांनी परत येऊन कळवलं.

फिल्टर नकोच, असं मी म्हणत नाही. इंटरनेटवर खरोखरची घाण भरपूर आहे, ती अडवलीच पाहिजे. पण यंत्रानं शिक्का मारला आणि अख्ख्या गावानं तो डोळे झाकून खरा मानला. माणूस काय बघतोय याच्या आधी तो कशापायी बघतोय हे विचारावं, एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. पुढच्या प्रत्येक तपासात ते मला उपयोगी पडलं.

माझा अहवाल वाचून संस्थेनं केंद्राचं कुलूप काढलं आणि मुलगी कामावर परत गेली. काही दिवसांनी सदस्य एकटाच ठाण्यात आला. अर्ज मागे घ्यायचा होता. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

“चुकलो, साहेब.”

“मला सांगून काय उपयोग? त्या पोरीला जाऊन सांग.”

“तिकडनंच आलो.” त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. “पाया पडाया वाकलो तर तिनं हात धरला. म्हनली, काका, ते ऱ्हाऊ द्या. काकीचं ऑपरेशन कधी हाय?”