घोड्याचं पान

सर्वपित्रीला वड्यांचा वास सुटला की इंदूरमधल्या विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. पितरांच्या पानांशेजारी आमच्याकडे एक छोटं पान जास्तीचं मांडत आणि त्यावर भिजवलेले चणे वाढत. हे घोड्याचं पान. बाबा सांगत की फौजेबरोबर निघालेल्या आमच्या मूळपुरुषाचा घोडा एका उडीत नर्मदा ओलांडून थेट इंदुरात पाणी प्यायला थांबला; कुणी शंका घेतली तर पुढच्या खेपेला ती उडी आणखी लांब होई. त्यांना वंशावळ छापून भिंतीवर लावायची होती, वर घोड्याचं नाव हवं होतं, म्हणून साताऱ्याकडच्या मूळ गावातून भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्या आत्याला त्यांनी त्या सर्वपित्रीला मुद्दाम बोलावलं होतं. आत्या चण्यांकडे बघत राहिली. "आमच्यात या पानावर दूधभात वाढतात," ती म्हणाली. "घोडा कुठला रे? त्या मूळपुरुषाची लेक होती, तीन वर्षांची. नर्मदेवर तापानं फणफणली. फौज थांबेना, मग जितीच झाडाखाली ठेवून हा पुढं गेला. बायको पुढच्या मुक्कामावरनं पळत मागं आली, तर झाडाखाली कुणी नाही. ती तशीच चालत गावी परतली." "आणि तो?" बाबांनी विचारलं. "त्यानं इकडं दुसरी केली. तुम्ही तिचे." एकटेच बोलायला लागले तर सियागंजचा सगळा बाजार गप्प करतील असे आमचे बाबा, त्यांनी पानावरचे चणे उचलले आणि आईकडे दूधभात मागितला. आता बाबा नाहीत, ते पान मी वाढतो; नाव अजून घोड्याचंच. माझी मुलगी विचारते, "पापा, घोडा दूधभात खातो क्या?" मी म्हणतो, "हो बेटा, अपनावाला खाता है."