सात सेकंदांचा ससा

मुलीच्या शाळेनं गणिताच्या खेळाचं उद्घाटन समई लावून केलं. पडद्यावर काही दिसेना म्हणून दिवे घालवले. तरी दिसेना, तेव्हा समईही शांत केली. त्या अंधारात खेळाच्या कंपनीच्या, टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हा पालकांना सांगितलं, की घोकंपट्टीचं युग संपलं. टाळ्या वाजल्या. आमच्यातल्या निम्म्यांचे पाढे मुळातच कच्चे, त्यामुळे टाळ्या मनापासून असाव्यात.

खेळ टॅबलेटवरचा, आणि असा: ससा विहिरीच्या काठावर उभा. वर बेरीज येते. सात सेकंदांत बरोबर उत्तर दाबलं तर ससा पलीकडे, नाहीतर विहिरीत. मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती बोटांच्या पेरांवर मोजायची, अंगठा एकेका पेरावर टेकवत, आणि बरोबर मोजायची. पण आठ आणि पाच तेरा होईपर्यंत ससा बुडालेला असायचा. आठवडाभरात ती हात टेबलाखाली लपवून मोजायला लागली. मग मोजणंच सोडून दिसेल तो आकडा दाबायला लागली. "एखादा लागतोच," ती मला म्हणाली.

खेळाला माझा विरोध नाही. मी स्वतः बेरीज शिकले ती सापशिडीवर. तिथला साप गिळतो, पण आधी घरं मोजू देतो.

दर शनिवारी शाळा पालकांच्या ग्रुपवर क्रमवारी टाकायची. चाळीस मुलांत आमची अडतिसावी. एका शनिवारी ती अचानक पहिली आली. ग्रुपवर पुष्पगुच्छांच्या चित्रांचा खच पडला. मीही सगळ्यांना 'थँक्यू' लिहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले.

"सव्वीस जानेवारीला सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, आणि ती स्टेजवर पाच गणितं करून दाखवेल. मोठ्या स्क्रीनवर."

"शाल तिच्या मापाची मिळते का?"

"आपण चेष्टा करताय."

"नाही, चौकशी करतेय."

मुलीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आजोबा पण स्टेजवर येतील ना?" तिनं विचारलं.

आजोबा म्हणजे माझे सासरे. बँकेतून निवृत्त. दुपारी मी कामावर असताना टॅबलेट त्यांच्याकडेच असायचा.

"बाबा, तिच्या नावानं तुम्ही खेळता?"

"अगं, सगळेच खेळतात. चौथ्या मजल्यावरचा तो आयटीवाला ऑफिसातून खेळतो. मी निदान घरी बसून खेळतो."

"तिला वाटायला लागलंय, की आपल्याला गणित येत नाही."

"येईल हळूहळू."

"हळूहळूच तर तो खेळ येऊ देत नाही."

"नाव तर झालं ना तिचं," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

त्यांच्यावर मी फार चिडले नाही. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला घरात कुणी साधी बेरीज विचारत नव्हतं. संताप आला तो त्या टायवाल्याचा. पहिलीतल्या मुलीला स्वतःचा हात लपवायला लावायचा आणि त्याला शिक्षण म्हणायचं. वर त्याची जाहीर यादी लावायची. आणि त्या यादीखाली 'थँक्यू' लिहिणाऱ्या आईचाही आला.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: "पहिला क्रमांक माझ्या सासऱ्यांचा आहे. वय बहात्तर. सत्कार त्यांचा करावा."

पुढच्या शनिवारी यादीतली वरची कितीतरी नावं गडगडली. सेक्रेटरींनी 'तांत्रिक कारणास्तव' सत्कार रद्द झाल्याचा कागद लिफ्टजवळ चिकटवला. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टॅबलेटवरून तो खेळ मी काढून टाकला.

"मग मी कितवी?" मुलीनं विचारलं.

खोटं सांगायचा मोह झाला, पण घरात तेवढं एक पुरेसं झालं होतं. "आजोबा खेळायच्या आधी होतीस तीच. अडतिसावी."

ती पलंगावर मांडी घालून बसली. हात समोर धरून तिनं बराच वेळ हिशेब केला. मी घाई केली नाही.

"म्हणजे माझ्या मागे दोघं," ती म्हणाली. "त्यांच्या घरी आजोबा नसतील."