मापाचं कार्ड

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एकतीस वर्षं शिंपीकाम करतात. बटणं, चेन आणि दोऱ्यांचं माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच आहे, त्यामुळे त्यांची कात्री मला इकडे ऐकू येते. माणूस कमी बोलणारा. माप घेताना आकडा ओठांतच पुटपुटणार, वहीत लिहिणार आणि वही मिटणार. कुणाचं पोट सुटलं, तर पँट गुपचूप सैल करून देणार. गिऱ्हाईक आरशात बघून खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची, यावरच तुमचा धंदा चाललाय, असं मी म्हणायचो आणि ते हसायचे.

समोर तयार कपड्यांचं चकाचक दुकान झालं आणि ते हसणं थांबलं. जुनी गिऱ्हाइकं टिकली तरच भावोजींचं दुकान टिकणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. तेव्हा मीच त्यांचं नाव व्यवसाय सुधारण्याच्या वर्गात घातलं. शहाणपणा सगळा माझा. तीन रविवार ते तिथे जाऊन बसले. तिथल्या सरांनी सांगितलं, रोज थोडं थोडं सुधारा, आणि गिऱ्हाइकाला कधी अंधारात ठेवू नका. भावोजींनी ते इतकं मनावर घेतलं की माप मोठ्यानं वाचायला लागले. वर प्रत्येकाला छापील कार्ड: मागचं माप, आताचं माप, फरक.

एका वकीलसाहेबांनी आपल्या कंबरेचा आकडा चारचौघांत ऐकला आणि तडक समोरचं दुकान गाठलं. त्यांच्यामागून आणखी तिघं गेले. भावोजींना काही कळेना. सरांनी सांगितलं तसंच करतोय ना, असं ते मला रोज विचारायचे. मला तरी काय कळत होतं? ताई म्हणाली, हात सुधारायचा सोडून तोंड कशाला सुधारलंत.

मग लायब्ररीतले काका आले, बरोबर काकू. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. भावोजींनी टेप लावली आणि वाचलं, "कंबर तेहतीस. मागच्या वर्षी छत्तीस. फरक तीन."

काकू खुर्चीतून उठल्याच. काका म्हणाले की टेप जुनी होऊन ताणली असेल. काकूंनी कार्ड पर्समध्ये ठेवलं, पँटसाठी आणलेलं कापड परत पिशवीत घातलं आणि दोघं निघून गेले. भावोजींनी त्याच दिवशी वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं. उरलेली कार्डं मला दिली, बटणांच्या पुड्या बांधायला.

महिन्याभरानं काकू एकट्याच आल्या. मी तेव्हा तिथेच होतो. काका दवाखान्यात होते. कार्ड बघून काकूंनीच त्यांना तपासायला ओढून नेलं होतं, आणि आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला हायसं वाटलं. प्रमाणपत्र परत टांगायला हवं, असंही मनात आलं.

पण काकू वहीसाठी आल्या होत्या. "डॉक्टर विचारतायत, वजन कधीपासून उतरतंय. तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?"

भावोजींनी वही उघडली. दोन वर्षांपूर्वी साडेअडतीस. मागच्या वर्षी छत्तीस. म्हणजे तेव्हाच उतरायला लागलं होतं. तेव्हाही मी तिथे होतो. "तब्येत राखलीत हो," असं भावोजी काकांना म्हणाले होते आणि आम्ही तिघंही हसलो होतो. काकूंनी आकडे लिहून घेतले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी पिशवीतून तेच कापड काढलं. "पँट शिवा. माप आताचंच धरा, पण शिवणीत जास्तीचा कपडा ठेवा. भरतील ते परत."

"किती ठेवू?" भावोजींनी विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा. यांचं माप तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

त्या गेल्या. भावोजींनी कापड टेबलावर पसरलं. डोळे मिटून कापू शकणारा हा माणूस खडू हातात घेऊन पुन्हा पुन्हा वहीतले आकडे बघू लागला. यापुढे माप मोठ्यानं वाचायचं की नाही, हे त्यांनी मला विचारलं.

शेवटी त्यांनी खूण केली. मी मोजून पाहिलं. साडेपाच इंच, म्हणजे थेट साडेअडतीसपर्यंत. एवढा कपडा शिवणीत कुणी ठेवत नाही, पँट नीट बसणारच नाही. हे त्यांना बोलून दाखवावं की गप्प बसावं, मला कळेना.