सोमकेतूच्या मनात होतं का?

सेवकरामचा पानठेला सालेकशाच्या बसस्टँडजवळ. पान तो बरं लावतो, पण खरं सांगायचं तर गिऱ्हाईक थांबतं ते त्याच्या आवाजासाठी. दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, वीस वर्षं राजाचं सोंग केलेला माणूस तो! "चुना कमी करू का?" एवढं जरी विचारलं, तरी समोरचा सावरून उभा राहतो. बायको नाही, लेकरू नाही. पण पोळा असो की दिवाळी, अनुसयाबाईच्या दारी लुगडं घेऊन हा हजर. गाव म्हणतं, महाप्रसाद असावा तर असा.

महाप्रसाद म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. जगन्नाथपुरीहून आलेला प्रसादाचा दाणा दोन मित्रांनी एकमेकांच्या तोंडात घातला, की ते झाले महाप्रसाद. सख्ख्या भावाला कोर्टात खेचा, कोणी हूं की चूं करणार नाही. महाप्रसादाला दगा देणाऱ्याला मात्र या भागात कोणी जवळ उभं करत नाही. सेवकरामचा महाप्रसाद होता योगराज, अनुसयाबाईचा नवरा. चोवीस वर्षांपूर्वी जंगलात मोहफुलं वेचताना अस्वलानं त्याला फाडलं. लेक टीना तेव्हा दोन वर्षांची होती.

तीच टीना आता घरी बसून कॉम्प्युटरवर खेळ बनवते. राक्षसांचं जंगल, जादूची तलवार, हरवलेला राजपुत्र आणि त्याचा जिवाभावाचा सोबती सोमकेतू. हा सोमकेतू शेवटी राजपुत्राला राक्षसिणीच्या हाती देतो. टीनानं खेळाचा नमुना लोकांना खेळायला दिला, आणि जुंपली की! निम्मे म्हणाले, या हरामखोरानं पहिल्यापासूनच ठरवलं होतं. निम्मे म्हणाले, छे हो, ऐन वेळी घाबरला बिचारा.

"तुले का वाटते?" सेवकरामनं विचारलं.

"मलेच नाई माहीत, काका. तुमी सोमकेतू बोला. आवाज ऐकून मंग ठरवू."

एप्रिलची भरदुपार होती. आवाज घुमू नये म्हणून टीनानं खोलीच्या भिंतींना वाकळा टांगल्या होत्या, खिडकीला गादी लावली होती, पंखा बंद. बाहेर कावळा ओरडत होता, तोही दार लावल्याबरोबर नाहीसा झाला. स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला की माणसाला बरं वाटत नाही. अनुसयाबाई कौतुकानं बाजेवर येऊन बसली होती. सेवकरामनं कानाला हेडफोन लावला, चष्मा चढवला आणि पहिलं वाक्य पाहिलं.

'आज मोठ्या झाडाकडे तू जा, मित्रा. मी इथंच थांबतो.'

हे तर त्याचंच वाक्य! त्या सकाळी जंगलात तो योगराजला हेच म्हणाला होता, आणि ऐकायला तिसरं कोणीही नव्हतं.

"हे कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाई. असंच सुचलं. बोला ना, काका, रेकॉर्डिंग चालू हाय."

तो बोलला. टीनानं ते परत ऐकवलं. आवाजात सगळं होतं. ज्याला पुढचं ठाऊक आहे, त्याचा आवाज होता तो.

"काका, अजून काहीच घडलं नाई. साधं बोला. एक और टेक."

दुसऱ्यांदा बोलला. चौथ्यांदा बोलला. नवव्या खेपेला अगदी मधाळ बोलला, तर ते सगळ्यात भयंकर निघालं. हेडफोनमधला माणूस आपल्या ओठांच्या जरा मागून बोलतोय असं त्याला वाटत होतं. सेवकरामनं हेडफोन काढून मागं पाहिलं. मागं वाकळच होती.

आता त्याचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. योगराज मेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या मोहाच्या झाडाखाली सेवकरामनं अस्वलाच्या पंजाच्या खुणा पाहिल्या होत्या. ताज्या होत्या. सकाळी तो ते विसरला. माणूस विसरतो बाप्पा! त्या साली दंडारीत राजाचं सोंग योगराजला मिळालं होतं आणि सेवकरामला दगाबाज प्रधानाचं, पण म्हणून काय झालं? 'विसरलो' या एका शब्दावर तो चोवीस वर्षं जगला होता, या घरात ताठ मानेनं येत होता.

"भाऊ," अनुसयाबाई अचानक बोलली, "एक गोष्ट सांगू? तुमाले लागन म्हणून आजवर सांगतली नाई. टीनाच्या बाबानं आदल्या दिवशीच अस्वलाच्या खुणा पाह्यल्या होत्या. घरी येऊन मले म्हणे, उद्या महापरसादले मोठ्या झाडाखाली जाऊ नाई देत, मीच जातो. म्हणून गेला तो. तुमाले बिचाऱ्याले का माहीत!"

त्या सकाळी "तू जाय" म्हणताच योगराज हसला होता. जास्त फुलं मिळणार म्हणून हसला, असंच सेवकरामला आजवर वाटत आलं होतं. गप्प राहिला असता तर सुटला असता हो! मेलेला माणूस स्वतः त्याला सोडवून गेला होता. पण त्याच झाडाखाली दोघांनी तेच पाहिलं होतं, आणि योगराज रात्रीतून काहीही विसरला नव्हता.

"वयनी, मीबी पाह्यल्या होत्या."

"कवा?"

"त्याच सांजेले."

अनुसयाबाई घाईघाईनं म्हणाली, "मंग सकाळी विसरले असान. होते असं."

तिनं शब्द आयता हातात दिला होता. सेवकरामनं तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या येईना.

"नाई," तो म्हणाला. "रातभर झोपलो नव्हतो मी."

"कायले, भाऊ?" अनुसयाबाईनं विचारलं. "कायले?"

"राजा व्हाचं होतं मले."

अनुसयाबाई उठली, लेकीच्या दंडाला धरून तिला बाहेर घेऊन गेली. दार सताड उघडं होतं, समोर अंगणात ऊन होतं. पण त्या दारातून बाहेर पडायचं म्हणजे त्या दोघींच्या समोरून जायचं, आणि सेवकरामला काही उठवेना.