निवियाककाकीची घसरगाडी

"जाळायला दुसरं काय गावलं न्हाई व्हय तुला?"

"कमरंपतुर भिजलो हुतो, काकी. दिव्यात तेल न्हाई. दिसलं ते लाकूड लावलं."

"ते लाकूड म्हंजी माझी घसरगाडी हुती, मुडद्या!"

निवियाककाकी मासे काढून खोपीत परतली, तर तिच्या नवऱ्याचा पुतण्या तुलुगाक चुलीपुढं पाय शेकत बसलेला. तळ्याचं बर्फ फुटून त्याची गाडी बुडाली होती; कुत्री तेवढी वाचली. आमच्याकडं, ह्या बर्फाच्या मुलखात, झाड उगवत नाही. समुद्रानं काठाला टाकलेली लाकडं वेचून काकीनं आपली गाडी जुळवली होती. पण गारठलेल्या माणसानं कुणाच्याही खोपीत सापडंल ते जाळावं, त्याला चोर म्हणत नाहीत. शिव्या देता येतात. काकीनं त्या दिल्या.

आता सील धरायला समुद्राच्या बर्फावर जायचं होतं. गाडीबिगर सामान ओढायचं कशावर? आणि सीलची चरबी नाही, तर हिवाळाभर दिव्याला तेल नाही, खोपीला ऊब नाही.

"चल की वस्तीवर," तुलुगाक म्हणाला. "हिवाळा आमच्यात काढ."

"आन तुझ्या बायकोची बोलणी खाऊ? त्यापरीस थंडी बरी. सुरी आण."

नवरा गेल्यापासनं ती ह्या तळ्यावर एकटीच राहायची. तिनं उन्हाळ्याचा कातडी तंबू ओढून काढला आणि मधोमध कापला.

"काकी! उन्हाळ्यात ऱ्हाशील कुठं?"

"नव्या तंबूत. कातडी तू आणायचीस. गाडी जाळली कुणी?"

दोन्ही तुकडे तिनं पाण्यात भिजवले. त्यावर ओले मासे डोक्याला शेपूट लावून मांडले, घट्ट गुंडाळले, वादीनं आवळले, पुढची टोकं वर वाकवली आणि दोन्ही गुंडाळ्या उघड्यावर गोठायला टाकल्या. तिची आजी अशी गाडी करायची. लाकूड मिळायला लागल्यापासनं कुणी केली नव्हती.

"वाटंत ऊन तापलं तर?"

"तर गाडी शिजवून खाऊ."

सकाळी गुंडाळ्या दगड झाल्या होत्या. काकीनं त्या गाडीच्या दोन पायांसारख्या शेजारी ठेवल्या, त्यांवर रेनडिअरची शिंगं आडवी बांधली, वर चढली आणि उडी मारली. कर्र वाजलं. दुसरी मारली. गाडी खचली नाही. मग तुलुगाकला बसवून तिनं कुत्र्यांकडनं ओढवून बघितली.

"पळती की गं, काकी!"

"उतर. कुत्री चाटाय लागली, हाकल त्यास्नी."

तिनं गाडी उलटी केली, बुडाला बर्फाचा गुळगुळीत थर चढावा म्हणून तोंडात कोमट पाणी धरून त्यावर फवारलं, आणि ते गोठतंय तोवर अस्वलाच्या कातड्यानं घासत पुढं सरकत राहिली.